पोरांची एटीव्ही दमली? आधी फिल्टर बघा
दिंडोरीकडे द्राक्षबागेच्या बांधावर पोरांची छोटी एटीव्ही (चार जाड चाकांची, मातीत फिरवायची गाडी) फिरली की फुफाटा थेट एअर फिल्टरात बसतो. गाडी दम खाऊ लागली की लगेच मेकॅनिक गाठू नका. सीटखालचा फोमचा फिल्टर काढा, कोमट साबणपाण्यात दाबून धुवा (पिळू नका, फाटतो), सावलीत पूर्ण वाळवा आणि फिल्टर ऑइल लावून जादाचं दाबून काढा. पेट्रोलने धुऊ नका, फोमचा भुगा होतो.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) कोरडा राहतो, आत पेट्रोल साचून चिकटत नाही. आमचा एकदा चिकटला, तेव्हापासून ही सवय. चेनला तेल पाजा. आणि हो, गाडी बागेतच, रस्त्यावर नाही. हेल्मेट मात्र बागेतही हवंच.