अल्बमवर भांडायला बसताय? आधी एवढं करा

जुन्या अल्बमवर वाद घालताना निम्मे लोक आठवणीवर भांडतात. एकाच्या डोक्यात कॉलेजमधली घासलेली कॅसेट वाजत असते, तर दुसऱ्याने तोच अल्बम काल बसमध्ये, एकच इयरफोन कानात घालून ऐकलेला असतो. म्हणून आधी सगळ्यांनी एकत्र ऐकायचं आणि मगच तोंड उघडायचं.

माणसं चार ते सहा पुरेत. त्यात एक तरी असा हवा, ज्याला तो प्रकार फारसा आवडत नाही. नाहीतर नुसता आरतीचा कार्यक्रम होतो. एका बैठकीला एकच अल्बम. एलपीच्या (दोन्ही बाजूंनी वाजणाऱ्या मोठ्या तबकडीच्या) एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं मावायची, त्यामुळे जुने अल्बम चाळीसेक मिनिटांत संपतात आणि भांडायला वेळ उरतो.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात: नेमकी कोणती आवृत्ती ऐकायची ते ठरवा. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ (1959) घ्या. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना मुद्रित होताना टेपयंत्र किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे रेकॉर्डवर त्या जरा जलद आणि वरच्या पट्टीत आल्या. 1990च्या दशकातल्या पुनर्मुद्रणांत ही चूक सुधारली गेली. म्हणजे जुनी एलपीवाला आणि अ‍ॅपवाला त्यातल्या पहिल्याच ‘सो व्हॉट’वर हमरीतुमरीवर येतात तेव्हा दोघं अक्षरशः वेगळ्या पट्टीतलं ऐकून आलेले असू शकतात. पेटी घेऊन बसलात तर फरक लगेच कळेल. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’चंही (1967) तेच: मोनो मिक्समधलं (दोन्ही कानांना एकच आवाज) ‘शीज लीव्हिंग होम’ स्टिरिओपेक्षा (डाव्या-उजव्या कानाला वेगळा आवाज) जलद आणि वरच्या सुरात आहे. यातलं खरं कोणतं, हा एका संध्याकाळचा स्वतंत्र विषय आहे.

ऐकण्याआधी अ‍ॅपमधलं शफल (गाण्यांचा क्रम पिसणारं) आणि क्रॉसफेड (एक गाणं पुढच्यात मिसळणारं) बंद करा. एलपीची पहिली बाजू कुठे संपायची तेही शोधून ठेवा, कारण अ‍ॅप ते दाखवत नाही. पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’मध्ये ‘मनी’तली नाणी खणखणतात ती दुसरी बाजू सुरू होताना, तिथे चहाची सुट्टी घेतलीत तर त्या खणखणाटाचा धक्का बसतो. बाजू चालू असताना बोलायचं नाही, मोबाइल उलटा ठेवायचा.

वादाचा नियम एकच: मत मांडताना जागा दाखवायची. ‘भारी आहे’ किंवा ‘बोअर आहे’ हे मत धरायचं नाही, ‘तिथे परत लाव’ म्हणता आलं पाहिजे. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या हिंदुस्तानी वाद्यसंगीताच्या अल्बमवर हा नियम वापरून बघा. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, सकाळच्या अहिर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. यावर जुन्या श्रोत्यांचा आक्षेप ठरलेला: रागाला जागाच मिळत नाही, आणि संतूरवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) कुठे आहे? मग शिवकुमार शर्मांचं संतूर आणि ब्रिजभूषण काबरांचं गिटार पाठोपाठ कानावर येतं ती जागा पुन्हा लावा. संतूरचे ठिपक्यांसारखे सुटे सूर गिटारची मींड जोडते का? माझ्या मते जोडते, आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी नसती तरी अल्बम उभा राहिला असता. यावर लोक चिडतात. चिडू द्या. फक्त सीडीत नंतर जोडलेले जादा ट्रॅक या हिशेबात धरू नका, दिवसाचा क्रम बिघडतो.

पुढच्या बैठकीसाठी प्रत्येकाने एक मिक्स, म्हणजे स्वतः निवडून लावलेली गाण्यांची मालिका, आणायचं. मर्यादा तीस मिनिटं, म्हणजे सी-60 कॅसेटची एक बाजू. एका कलाकाराला एकच जागा. सगळ्यांना पाठ असलेलं गाणं सुरुवातीला लावू नका. तासाभराचा ख्याल मध्येच कापणं वाईट. त्याऐवजी हिराबाई बडोदेकर किंवा नारायणराव व्यासांच्या 78च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) तबकड्या घ्या, तीन-साडेतीन मिनिटांत राग पुरा. नंतर नुसते सांधे तपासा: एका गाण्याची शेवटची वीस सेकंदं आणि पुढच्याची पहिली वीस. नवे रीमास्टर (जुन्या मुद्रणांच्या नव्याने सजवलेल्या आवृत्त्या) जुन्यांपेक्षा मोठ्याने वाजतात, तेव्हा आवाज समपातळीत आणणारी सेटिंग चालू ठेवा. गाण्यांची यादी मात्र ऐकून झाल्यावरच द्यायची, कारण नावं दिसली की मतं आधीच ठरतात.

आणि रात्री दहानंतर उरलेला वाद जिन्यात घालू नका. सोसायटीला मोनो-स्टिरिओत रस नसतो.