अक्षरं एकेक करून उमटणारी जीआयएफ (हलतं चित्र)

इलस्ट्रेटरमध्ये (अ‍ॅडोबीचं ड्रॉइंग सॉफ्टवेअर) 'शुभ दीपावली' टाइप करा, कंट्रोल शिफ्ट ओ मारून आउटलाइन करा (म्हणजे अक्षरांचे आकार होतात) आणि अनग्रुप करा, आता नीट बघा, काना-वेलांट्या बऱ्याचदा सुट्या होतात, मग प आणि काना सिलेक्ट करून कंट्रोल जी मारून ग्रुप करा, असं प्रत्येक अक्षराचं करा, कंटाळा करू नका, नाहीतर आधी काना येतो मग प, फार वाईट दिसतं. मग लेयर्स पॅनेलमध्ये लेयर सिलेक्ट करून मेनूतून रिलीज टू लेयर्स, बिल्डवालं (सीक्वेन्सवाल्यात आधीचं अक्षर गायब होतं). सबलेयर्स ओढून मेन लेयरच्या बाहेर काढा, पीएसडी (फोटोशॉपची फाइल) एक्सपोर्ट करताना राइट लेयर्स ठेवा. फोटोशॉपमध्ये टाइमलाइन, मेक फ्रेम्स फ्रॉम लेयर्स, प्रत्येक फ्रेमला 0.2 सेकंद मस्त वाटतं, शेवटच्या फ्रेमला 2 सेकंद द्या. उलटं चाललं तर रिव्हर्स फ्रेम्स.