रॅट आणि माईस एकाच खोलीत? प्राणिगृहातल्या या चुका टाळा

फार्मसी कॉलेजांची प्राणिगृहं, म्हणजे प्रयोगांसाठीचे प्राणी ठेवण्याच्या जागा, बहुधा लहान असतात. एक-दोन खोल्या, भिंतीला लागून रॅक, इकडे विस्टार जातीचे रॅट (मोठे उंदीर), तिकडे स्विस अल्बिनो जातीचे माईस (छोटे उंदीर) आणि खालच्या कप्प्यात गिनीपिग. पिंजरे वेगळे आहेत म्हणजे प्राणी वेगळे ठेवले, असं धरून चाललं जातं. इथेच चुकतं. हवा, टेबल, वजनकाटा आणि हाताळणारे हात सामाईक असतील, तर नुसत्या वेगळ्या पिंजऱ्यांनी फारसं काही साधत नाही.

एकाच पिंजऱ्यात दोन्ही ठेवण्याचा विचारही नको. 25-30 ग्रॅमच्या माईससाठी 300 ग्रॅमचा रॅट हा शिकारी प्राणी आहे. लहानपणापासून सोबत वाढलेले रॅट माईसना सहसा मारत नाहीत हे खरं, पण मारत नाहीत म्हणजे माईस निर्धास्त असतात असं नाही.

वास हवेतच असतो, असं समजणं

एलिव्हेटेड प्लस मेझवर (चिंता मोजण्यासाठीची, दोन बाजू उघड्या आणि दोन बंद असलेली अधिक-चिन्हाच्या आकाराची उंच चौकट) कंट्रोल गटातले, म्हणजे औषध न दिलेले माईस सुरुवातीपासूनच उघड्या बाजूंवर जात नसतील, किंवा डायझेपाम या चिंता कमी करणाऱ्या औषधाचा परिणाम एका तुकडीत दिसून पुढच्या तुकडीत दिसत नसेल, तर औषधाच्या मात्रेला दोष देण्याआधी त्याच मेझवर, त्याच टेबलावर आदल्या दिवशी कोण होतं ते पाहा. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की रॅटच्या मूत्रातली काही प्रथिनं माईसच्या नाकातल्या व्होमेरोनेझल अवयवाला (इतर प्राण्यांच्या रासायनिक खुणा ओळखणारा भाग) कळतात आणि ते बचावाच्या पवित्र्यात जातात. उभ्या आयुष्यात रॅट न पाहिलेले प्रयोगशाळेतले माईससुद्धा! ही प्रथिनं सहज उडून जाणारी नाहीत. ती वाळून पृष्ठभागावर राहतात, त्यामुळे एक्झॉस्ट फॅन कितीही चांगला असला तरी हा प्रश्न सुटत नाही. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवणंही पुरेसं नाही. आधी साबणाच्या पाण्याने घासून धुवा, कोरडं करा, मग अल्कोहोल वापरा. परवडत असेल तर दोन प्रजातींसाठी दोन वेगळे मेझ ठेवावेत. ग्लोव्हज आणि ॲप्रन तर बदलायलाच हवेत.

आवाजाचंही तसंच. घाबरलेला रॅट सुमारे 22 किलोहर्ट्झचा आवाज काढतो. माणसाचा कान साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतो, माईस मात्र त्याच्या कितीतरी वरचं ऐकतात. म्हणून रॅटना इंजेक्शन देणं, रक्त काढणं ही कामं माईस ठेवलेल्या खोलीत करू नयेत. आपल्याला खोली शांत वाटते, त्यांना वाटत असेलच असं नाही.

निरोगी दिसतो म्हणून सुरक्षित समजणं

*स्ट्रेप्टोबॅसिलस मोनिलिफॉर्मिस* हा जिवाणू रॅटच्या घशात कुठलंही लक्षण न दाखवता राहू शकतो. तोच माईसना लागला तर सांधे सुजतात, मृत्यूही येतो. माणसाला त्यामुळे रॅट-बाइट फीव्हर होतो. प्राणिगृहातल्या कर्मचाऱ्याला रॅट चावला, तर जखम लगेच धुवावी आणि डॉक्टरांना "रॅट चावला" असं स्पष्ट सांगावं. ताप आल्यावर सांगायचं ठरवलं, तर ही गोष्ट राहूनच जाते.

ससे कृंतक (उंदीर, गिनीपिगसारखे कुरतडणारे प्राणी) नाहीत, पण त्याच इमारतीत असतात, म्हणून सांगतो. ससा *बोर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका* अंगात घेऊन ठणठणीत वावरतो, गिनीपिगला मात्र त्याच जिवाणूने जीवघेणा न्यूमोनिया होतो. गिनीपिगच्या नाकातून स्राव येत असेल, पाठोपाठ मृत्यू होत असतील, तर ससे कुठे आहेत ते आधी तपासा. ही जोडी एका खोलीत कधीच नको.

आरोग्यतपासणीतही एक चूक वारंवार होते: रॅट तपासले, निकाल स्वच्छ आला, म्हणून माईसही स्वच्छ मानायचे. माउस हेपटायटिस व्हायरससारखा माईसचा आजार रॅटच्या तपासणीतून कळेल याचा भरवसा नाही. प्रत्येक प्रजातीचे सेंटिनेल प्राणी, म्हणजे रोगतपासणीसाठी मुद्दाम ठेवलेले प्राणी, वेगळे हवेत.

जागाच नसेल तर

केंद्र सरकारच्या सीसीएसईए समितीच्या (पूर्वीची सीपीसीएसईए) मार्गदर्शक सूचना प्रजातीनुसार प्रत्यक्ष विभागणीची शिफारस करतात. दोन प्रजातींची रोगस्थिती सारखी असेल आणि त्या वागणुकीने जुळत असतील, तरच काही वेळा एक खोली चालू शकते. रॅट आणि माईस दुसऱ्या अटीत बसतात, असं मला वाटत नाही. दोनच खोल्या असतील तर एक निव्वळ माईसना द्यावी आणि गिनीपिग कायम न पाळता अभ्यासापुरते, वेगळ्या जागेची सोय झाल्यावरच आणावेत. स्वतंत्र हवा खेळवणारे पिंजरे घेतले तरी पिंजरा बदलताना झाकण उघडतंच, हे विसरू नये.

रोजच्या फेरीत आधी माईस, मग रॅट असा क्रम ठेवा, उलटा नको. एखाद्या खोलीत काही दिवस दुसरी प्रजाती ठेवावीच लागली, तर तारखांसह वहीत लिहा आणि तो तपशील शोधनिबंधातही द्या. दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच प्रयोग वेगळा आला, तर कारण शोधताना ही नोंद उपयोगी पडते.