आईबाबांचे किडनीचे रिपोर्ट कसे बघायचे

रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) नॉर्मल रेंजमध्ये आलं की आपण फाईल बंद करून टाकतो, आणि वयस्कर माणसाच्या बाबतीत नेमकं तिथेच फसायला होतं. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं, वयानुसार स्नायू झडतात, म्हणजे ते मुळात तयारच कमी होतं, आणि मग किडनी कमी गाळत असली तरी आकडा दिसतो छान. समजा ३० वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.० आहे आणि ८० वर्षांच्या आजींचंही १.०, तर क्रिएटिनिन, वय आणि स्त्री-पुरुष यावरून हिशोब करणाऱ्या २०२१ च्या सूत्राने त्याचा ईजीएफआर (किडनी मिनिटाला किती मिली गाळते त्याचा अंदाज) साधारण १०४ येतो आणि आजींचा ५७!

त्यामुळे बघायचा तो ईजीएफआर. आणि एकटा नाही बघायचा, घरातले जुने रिपोर्ट शोधून काढा, वहीत तारीख, क्रिएटिनिन, ईजीएफआर, बीपी असं लिहून काढा, शक्यतो एकाच लॅबचे. चाळिशीनंतर वर्षाला साधारण १ ने उतरणं वयाचं धरतात, सगळ्यांचं उतरतंच असंही नाही, काहींचं वर्षानुवर्षं फारसं हलत नाही. पण वर्षात ५ पेक्षा जास्त घसरलं तर ते वयाच्या नावावर खपवू नका, डॉक्टरांना वही दाखवा. एखाद्याच वेळी आकडा पडला असेल तर आधी विचारा, त्या आठवड्यात जुलाब, उलट्या, ताप काही होतं का, कारण अंगातलं पाणी कमी झालं तरी तसं होतं आणि नंतर बरेचदा सुधारतंही. ६० च्या खालचा आकडा तीन महिन्यांहून जास्त टिकला तरच त्याला किडनीचा जुना आजार म्हणतात.

दुसरी टेस्ट लघवीची, एसीआर, म्हणजे लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन क्रिएटिनिनच्या मानाने किती जातं ते. ही हमखास राहते, डायबेटिस किंवा बीपी असेल तर मागून घ्या. ३० मिग्रॅ प्रति ग्रॅमच्या खाली असलं की ठीक. माझं विचाराल तर ८० व्या वर्षी ईजीएफआर ५५ वर स्थिर असलेल्या, लघवी स्वच्छ असलेल्या माणसापेक्षा ७० वर असून प्रोटीन जाणाऱ्या माणसाची मला जास्त काळजी वाटेल.

आता गोळ्या. गुडघे दुखतात म्हणून परस्पर घेतलेली आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही खरी डोकेदुखी, त्यात बीपीची रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर तिन्ही मिळून किडनीला चांगलाच दणका बसू शकतो, जुलाब लागलेले असताना तर जास्तच. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारायचं, कुठली गोळी थांबवायची आणि परत कधी सुरू करायची, बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. डायबेटिसची मेटफॉर्मिन चालू असेल तर ईजीएफआर ३० च्या खाली गेला की ती बंदच करतात, त्याच्या आधी डोस कमी करतात, म्हणून आकडा बदलला की गोळ्यांची यादी परत तपासून घ्या.

पाण्याचं म्हणाल तर म्हातारपणी तहानच कमी लागते आणि किडनीला लघवी घट्ट करणं पूर्वीसारखं जमत नाही, रात्री उठावं लागतं त्याचं हे एक कारण (प्रोस्टेट, शुगर वगैरे वेगळी). दिवसा थोडं थोडं देत राहा, मात्र हार्ट फेल्युअर असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच.

आणि माणूस फारच किरकोळ असेल, बरेच दिवस अंथरुणाला खिळलेला असेल तर ईजीएफआरही फसवा असतो, तेव्हा सिस्टॅटिन सी ही रक्ताची टेस्ट करून बघू का असं डॉक्टरांना विचारा, ती टेस्ट स्नायूंवर तेवढी अवलंबून नसते.