अमेरिकेत लाल डिझेल वापरताना: कोणत्या टाकीत चालते, कोणत्या नाही

अमेरिकेत डिझेलच्या प्रत्येक गॅलनवर, म्हणजे सुमारे ३.७९ लिटरवर, २४.४ सेंट केंद्रीय उत्पादन शुल्क आकारले जाते. हा पैसा मुख्यतः महामार्गांसाठी असल्याने शेतातील ट्रॅक्टर, खोदकामाचे यंत्र, जनरेटर किंवा घर तापवण्याची भट्टी यांच्या इंधनावर तो जवळजवळ पूर्ण माफ असतो आणि गॅलनमागे केवळ ०.१ सेंट उरतो. माफीचे इंधन ओळखू यावे म्हणून साठवण डेपोतून टँकर भरला जातानाच त्यात तांबडा रंग मिसळतात. १९९३ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यानुसार १ जानेवारी १९९४ पासून ही पद्धत लागू आहे.

इंजिनाच्या दृष्टीने पाहिले तर लाल आणि साध्या डिझेलमध्ये आज फारसा फरक उरलेला नाही. रस्त्याबाहेरील यंत्रांच्या डिझेलसाठीही २०१० पासून गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत १५ भाग अशीच झाली, म्हणून ट्रकमध्ये लाल डिझेल भरले तरी ट्रक नेहमीसारखाच धावतो, आणि नेमकी हीच गोष्ट लोकांना मोहात पाडते. मात्र घर तापवण्याचे तेलही लाल असते आणि त्यात गंधक जास्त असू शकते. तेव्हा नव्या ट्रॅक्टरमध्ये इंधन भरण्यापूर्वी केवळ रंगावर न विसंबता पावतीवरील गंधकाची नोंद वाचून घ्यावी.

इंधन घेण्यापूर्वी स्वतःला विचारायचा प्रश्न ‘मी आज रस्त्यावर जाणार आहे का’ हा नसून ‘ही टाकी कोणत्या वाहनाची आहे’ हा आहे. बहुतेक चुका हे दोन प्रश्न एकच समजल्यामुळे होतात. सार्वजनिक रस्त्यावरून माल किंवा माणसे नेण्यासाठी बनवलेले आणि तशी नोंदणी झालेले वाहन एखाद्या बांधकामाच्या खासगी आवारातच दिवसभर फिरत असले, तरी व्यवसायातील ‘रस्त्याबाहेरील वापर’ या सवलतीत ते बसत नाही. उलट ट्रॅक्टर दोन शेतांमधला रस्ता ओलांडून जातो, एवढ्यावरून केंद्रीय नियमाने तो महामार्गाचे वाहन ठरत नाही, कारण त्याची रचनाच त्या कामासाठी नसते. राज्याचा नियम याहून कडक असू शकतो, म्हणून तो आपल्या राज्याच्या महसूल खात्याकडून स्वतंत्रपणे तपासावा. शेतावरील पिकअप गाडी सकाळी बांधावर आणि दुपारी बाजारात जात असेल, तर तिच्या टाकीत साधे डिझेलच भरावे.

एकाच वाहनावर दोन इंजिने असतील तर उत्तर बदलते. थंड माल वाहणाऱ्या ट्रेलरवरील शीतकरण यंत्राला स्वतःचे इंजिन आणि स्वतःची टाकी असते, त्यामुळे त्या टाकीत लाल डिझेल चालते. मात्र तो ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकच्या टाकीत चालत नाही. काँक्रीट मिक्सरचे पिंप ट्रकच्याच इंजिनावर फिरत असेल, तर ‘पिंपापुरते इंधन वेगळे’ असा हिशेब लाल डिझेल भरण्यासाठी ग्राह्य धरला जात नाही. गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवले, तरी तो रस्त्याबाहेरील वापर होत नाही. शाळेच्या बस आणि राज्य किंवा स्थानिक शासनाची वाहने यांना केंद्रीय कायद्यात सवलत आहे, पण तिचा फायदा घेण्यापूर्वीही राज्याचा नियम पाहणे आवश्यक आहे.

साठवणीत शिस्त हवी. लाल आणि साध्या डिझेलसाठी वेगळ्या टाक्या, वेगळे पंप आणि वेगळ्या नळ्या ठेवाव्यात, कारण थोडेसे लाल डिझेल मिसळले तरी रंग चाचणीत सापडतो आणि साधे डिझेल ओतून तो फिका केल्याने सुटका होत नाही. हे इंधन रंगीत आहे, केवळ करमुक्त वापरासाठी आहे आणि करपात्र वापर केल्यास दंड होईल, अशी सूचना विक्रीच्या पंपावर तसेच वाहतुकीच्या कागदपत्रांवर असावीच लागते. ती कागदपत्रे, खरेदीच्या पावत्या आणि कोणत्या यंत्रात किती गॅलन भरले याची वही एकत्र ठेवावी. तपासणीच्या वेळी तोंडी खुलाशापेक्षा ही वही अधिक उपयोगी पडते.

तपासणी आयआरएसचे, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याचे, अधिकारी किंवा राज्याची यंत्रणा करते आणि त्यासाठी टाकीतील नमुना घेतला जातो. नमुना घेऊ न देणे हाच वेगळा अपराध असून त्यासाठी १,००० डॉलर दंड आहे. गैरवापराचा केंद्रीय दंड १,००० डॉलर किंवा गॅलनमागे १० डॉलर, यांपैकी जी रक्कम मोठी असेल ती, आणि मागे दंड झालेला असल्यास १,००० चा आकडा मागील दंडांच्या संख्येनुसार वाढत जातो. २०० गॅलनांवर वाचणारा कर ४८.६० डॉलर आणि होणारा दंड २,००० डॉलर! बुडवलेला कर आणि राज्याचा दंड यांखेरीज ही रक्कम आहे. इंधनाचा करपात्र वापर होणार हे माहीत असून, किंवा माहीत असायला हवे असताना, ते विकणाराही दंडास पात्र ठरतो आणि रंग काढून टाकण्याचा प्रयत्नही त्याच कलमाखाली येतो. कंपनीच्या बाबतीत जाणूनबुजून सहभागी झालेला अधिकारी किंवा कर्मचारी व्यक्तिशः जबाबदार धरला जाऊ शकतो, हे मालकाने चालकांनाही सांगून ठेवावे.

चुकून लाल डिझेल भरले गेले असेल, तर वाहन रस्त्यावर न नेता टाकी रिकामी करून घ्यावी, फिल्टर बदलावा आणि या कामाची पावती जपून ठेवावी. मोठ्या चक्रीवादळानंतर इंधनाचा तुटवडा पडल्यास आयआरएस काही भागांत तात्पुरता दंड माफ करते, जसे २०१७ मध्ये हार्वे आणि अर्मा या वादळांनंतर केले होते. परंतु त्या काळातही २४.४ सेंटांचा कर भरावाच लागतो.

ज्यांच्याकडे दुसरी टाकी ठेवण्याची सोय नाही, त्यांनी सरसकट साधे डिझेल घ्यावे आणि करमुक्त कामासाठी वापरलेल्या गॅलनांवरील कर परत मागावा, असे माझे मत आहे. कामाचा व्याप लहान असेल तर हा मार्ग अधिक निर्धास्त ठरतो. वार्षिक प्राप्तिकर विवरणासोबत फॉर्म ४१३६ जोडून गॅलनमागे २४.३ सेंट मिळवता येतात, उरलेला ०.१ सेंट सहसा परत मिळत नाही. वर्षअखेरीपर्यंत थांबायचे नसल्यास परताव्याची रक्कम किमान ७५० डॉलर झाल्यावर फॉर्म ८८४९ द्वारे तिमाही दावा करता येतो.