मरियेच्या सणांचं गायन अभ्यासायला घेताय? आधी चाल शोधा

उत्तर मध्ययुगातलं मरियेच्या सणांचं गायन अभ्यासायचं असेल तर भेटीच्या सणापासून सुरुवात करा, असं मी सगळ्यांना सांगते. येशूची आई मरिया एलिझाबेथला भेटायला गेली, त्याचा हा सण, तेव्हा २ जुलैला असायचा. प्रागचे आर्चबिशप यान येनश्टेन यांनी तो १३८६ मध्ये आपल्या धर्मप्रांतात सुरू केला, १३८९ मध्ये पोप बोनिफेस नववे यांनी जाहीर केला. सण उशिरा आल्यामुळे पदं नव्याने रचावी लागली आणि रचणाऱ्यांची नावंही हाती लागतात. या विषयात असं भाग्य क्वचितच.

लॅटिन कच्चं असेल तर इथेच थांबा, आधी ते पक्कं करा. स्वरलिपीला घाबरू नका, ती जमते.

खरा सापळा छापील संग्रहांचा. ‘अनालेक्ता हिम्निका’ या मध्ययुगीन लॅटिन पदांच्या संग्रहाचे ५५ खंड ग्रंथालयात दिसले की हायसं वाटतं. पण त्यात शब्द आहेत, चाल नाही. इंग्लिश कार्डिनल अ‍ॅडम ईस्टन यांनी या सणासाठी रचलेली पदं मी किती तरी दिवस नुसती कविता म्हणून वाचली. यमकं ओढूनताणून आणल्यासारखी वाटायची. मग चाल कळली. त्यांचं पहिलं पद ‘आच्चेदुंत लाउदेस विर्जिनिस’, आठ अक्षरांची ओळ. संत फ्रान्सिसच्या सणाचं पहिलं पद ‘फ्रांचिस्कुस विर कातोलिकुस’, तीही आठच. तेराव्या शतकात युलियान ऑफ श्पायर यांनी फ्रान्सिसच्या सणासाठी बांधलेल्या चालींवर ईस्टननी मरियेचे शब्द बसवले होते. आपल्याकडे पदावर ‘चाल : अमुक’ लिहितात, तसंच. दोन्ही पदं एकापाठोपाठ म्हणून पाहा. कागदावर अडखळणारी ओळ गळ्यातून सरळ निघते. माझ्या मते नवा सण लवकर रुजावा म्हणूनच ओळखीची चाल घेतली असणार.

म्हणून गायला लावणारा मार्गदर्शक निवडा, आवाज कसाही असो. स्वरलिपीच्या तयार लिप्यंतरांवर प्रबंध उभा करू नका, उघडा पडतो. डेटाबेस जरूर वापरा, पण हस्तलिखिताचं पान स्वतः पाहा.

आणि जुन्या पोथीत जुलैच्या जागी हा सण सापडला नाही तर हिरमुसू नका. शेवटची पानं उलटा. नंतर आलेले सण पुष्कळदा तिथेच, वेगळ्या हस्ताक्षरात जोडलेले असतात. सापडलं की पहिली ओळ टिपून घ्या: ‘आच्चेदुंत’ असेल तर ईस्टन, ‘एक्सुर्जेन्स आउतेम मारिया’ असेल तर येनश्टेन, त्यांनीही या सणाची पदं रचली होती.