नवी सेवा कागदावर कशी उतरवायची: पिग्मीच्या पावतीपासून टोगॅफपर्यंत

दादरच्या फूलबाजारात पहाटेपासून गिऱ्हाइकी सुरू होते. पिग्मीवाले काका मात्र येतात साडेदहाच्या सुमाराला, पाट्या रिकाम्या होऊन गल्ल्यात सुटे पैसे साठले की. गेल्या वर्षी तीन दिवस मी त्यांच्या मागे फिरले. एका सहकारी पतपेढीला आपली दैनंदिन ठेवीची सेवा नव्यानं उभी करायची होती आणि तिचा आराखडा करायचं काम माझ्याकडे आलं होतं.

पतपेढीचा पहिला प्रयत्न फसला होता. त्यांनी आधी ॲप घेतलं, मग एजंटांच्या हातात मोबाईल दिले, आणि कोणाचं काम कसं बदलणार हे ठरवायचं राहूनच गेलं. आधी कळस, मग पाया. महिन्याभरात एकाच भरण्याच्या दोन-दोन नोंदी पडायला लागल्या आणि एजंट पुन्हा वहीवर आले.

पिग्मी ही मुळातच मोठी कल्पना होती. १९२८ साली उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटनं, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेनं, दारात जाऊन रोजचे दोन-दोन आणे गोळा करायला सुरुवात केली. बँकेची पायरी कधी न चढलेल्या माणसाला त्यातून बचत करता आली. अशा सेवेत बदल करताना चूक झाली, तर हातावर पोट असलेल्या माणसाचा विश्वास जातो. म्हणून हे काम कसं करावं ते मी इथे सविस्तर लिहिते आहे. अठरा वर्षं एंटरप्राइझ आर्किटेक्चर, म्हणजे संस्थेचं काम आणि तिच्या संगणक यंत्रणा यांचा एकत्र आराखडा, करते आहे. त्यातलं जे खरोखर उपयोगी पडलं तेवढंच सांगते.

आधी प्रश्न लिहा

चौकोन काढायला बसण्याआधी एक वही घ्या आणि कोणाला कोणता प्रश्न पडलाय ते त्याच्याच शब्दांत लिहा. आर्किटेक्चरच्या वर्णनासाठी आयएसओ ४२०१० नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याची २०११ ची आवृत्ती बरीच वापरली गेली, पुढची २०२२ मध्ये आली. त्याचा गाभा एवढाच: हितसंबंधी कोण, त्यांची काळजी कोणती, त्या काळजीकडे कोणत्या कोनातून पाहायचं आणि त्या कोनातून कोणतं चित्र दिसतं. ज्या चित्रामागे कोणाचाही प्रश्न नाही ते काढूच नका.

माझ्या वहीत चार प्रश्न होते. फुलवाला: "मी दिलेले पैसे खात्यात पोचले का?" काका: "संध्याकाळी हिशेब लागला नाही तर माझ्या खिशातून जातात, त्याचं काय?" शाखा व्यवस्थापक: "रोकड आणि नोंदी किती वाजता टॅली होणार?" अध्यक्ष: "ह्यासाठी कोअर बँकिंग बदलावं लागेल का?" (कोअर बँकिंग म्हणजे सगळी खाती आणि नोंदी सांभाळणारी मुख्य संगणक प्रणाली.) चार प्रश्न, म्हणून चारच चित्रं.

आणि हे प्रश्न ऑफिसात बसून सुचत नाहीत. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या आर्किटेक्टचा आराखडा कपाटात जातो. काकांसोबत फिरले नसते तर त्यांच्या खिशाचा मुद्दा मला कळलाच नसता.

गिऱ्हाइकाला काय दिसतं

दुसरं काम सर्व्हिस ब्लूप्रिंटचं, म्हणजे सेवेच्या पायऱ्यांच्या नकाशाचं. लिन शोस्टॅक यांनी १९८४ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूतल्या लेखात ही पद्धत मांडली. चार्टपेपरवर मधोमध एक आडवी रेषा मारा. रेषेच्या वर गिऱ्हाइकाला दिसणारं सगळं, खाली न दिसणारं. डावीकडून उजवीकडे वेळ जाते. प्रत्येक पायरीखाली किती वेळ लागतो तेही लिहा.

आमच्या कागदावर रेषेच्या वर फार थोडं होतं: काका आले, पैसे घेतले, कार्डावर सही केली, गेले. त्यानंतर थेट महिनाअखेरीला पासबुक. मधलं सगळं, म्हणजे शाखेतला भरणा, कॅशियरची मोजदाद, नोंद, रेषेच्या खाली. फुलवाल्याची सगळी काळजी त्या मधल्या रिकाम्या जागेत होती. नवी सेवा कुठे हवी हे त्या जागेनंच सांगितलं.

सेवा वेगळी, प्रक्रिया वेगळी

आता आर्किमेट. ही चित्रांची भाषा नेदरलँड्समध्ये एका संशोधन प्रकल्पात तयार झाली आणि २००८ पासून द ओपन ग्रुप ही संस्था ती सांभाळते. ३.२ ही आवृत्ती २०२२ ची. तिचे तीन मुख्य थर असे: वर व्यवसाय, मध्ये ॲप्लिकेशन, खाली तंत्रज्ञान. पिवळा, निळा, हिरवा हे रंग सगळे वापरतात, पण मानकानं रंगांना अधिकृत अर्थ दिलेला नाही. त्यामुळे काळ्या-पांढऱ्या छपाईतही चित्र वाचता आलं पाहिजे.

ह्या भाषेतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे सेवा आणि प्रक्रिया यांची ताटातूट. सेवा म्हणजे बाहेरच्याला मिळणारं वर्तन, एक प्रकारचं वचन. प्रक्रिया म्हणजे ते वचन पाळायला आत केलेली खटपट. बरेच जण 'ठेव संकलन' असा एकच चौकोन काढतात आणि दोन्ही त्यात कोंबतात. मग काय बदलायचं आहे तेच कळत नाही.

सेवेला नाव देताना मी एक कसोटी लावते. "मला ____ मिळतं" ह्या रिकाम्या जागेत नाव बसवून पाहा. 'दारात भरणा' बसतं. 'पैसे पोचल्याची तत्काळ पोच' बसतं. 'बॅच अपलोड', म्हणजे नोंदी एकगठ्ठा चढवणं, बसत नाही. ती गिऱ्हाइकाची सेवा नव्हे, आतली प्रक्रिया.

चित्र वरून खाली असं काढा. सगळ्यात वर 'दुकानदार' हा कर्ता. त्याच्या खाली दोन्ही टोकांना गोलाई असलेल्या आकारात 'पैसे पोचल्याची तत्काळ पोच' ही सेवा. सेवेपासून दुकानदाराकडे सलग रेषा आणि उघडं बाणाचं टोक. ह्याचा अर्थ, ही सेवा त्याच्या उपयोगी पडते. त्याखाली 'दैनंदिन वसुली' ही प्रक्रिया. तिच्यापासून सेवेकडे तुटक रेषा आणि टोकाला पोकळ त्रिकोण, म्हणजे ही प्रक्रिया ती सेवा प्रत्यक्षात आणते. प्रक्रियेला 'संकलन एजंट' ही भूमिका जोडा. काकांचं नाव नको, भूमिका हवी, कारण उद्या त्या गल्लीत दुसरं कोणी येईल. त्याखाली निळ्या थरात 'भरण्याची नोंद' आणि 'शिल्लक विचारणा' ह्या ॲप्लिकेशनच्या सेवा, त्या पुरवणारे 'एजंट ॲप' आणि 'कोअर बँकिंग', आणि तळाशी मोबाईल, सर्व्हर, एसएमएस गेटवे.

चित्र पुरं झालं की बोट ठेवून खालून वर वाचा. अध्यक्षांसमोर मी तसंच वाचलं: "शिल्लक विचारणा आपल्या कोअर बँकिंगमध्ये आजही आहे. ती फक्त काउंटरवरच्या क्लार्कला वापरता येते. ती एजंटच्या कामाला जोडली की नव्या सेवेचा निम्मा भाग तयार." कोअर बँकिंग बदलायचं नाही, हे त्यांना पाच मिनिटांत दिसलं.

सेवेतल्या नवेपणाच्या तीन वाटा असतात: वचन तेच ठेवून आतलं बदलायचं, आतलं तेच ठेवून नवं वचन द्यायचं, किंवा दोन्ही बदलायचं. पहिल्या दिवशीच आपली वाट ठरवा. माझं मत स्पष्ट आहे, लहान संस्थेनं दुसरीपासून सुरुवात करावी. यूपीआयकडे पाहा. मुंबईच्याच नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं २०१६ मध्ये ती आणली. प्रत्येक बँकेची आतली यंत्रणा वेगळी राहिली, बाहेरची सेवा मात्र सगळ्यांची एकसारखी झाली.

काका जिथे थांबतात तिथे बीपीएमएन

आर्किमेटमध्ये प्रक्रियेचे बारकावे काढू नका. त्यासाठी बीपीएमएन ही प्रक्रियेच्या पायऱ्या काढायची चित्रभाषा आहे. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपनं २०११ मध्ये त्याची २.० आवृत्ती काढली आणि २०१३ मध्ये ती आयएसओ १९५१० झाली. गोल म्हणजे घटना, गोलाईच्या कोपऱ्यांचा आयत म्हणजे काम, चौकट हिऱ्यासारखी उभी केली की फाटा. प्रत्येक संस्थेला किंवा स्वतंत्र पक्षाला आपला 'पूल' (इंग्रजी pool), म्हणजे त्याची कामं सामावणारी मोठी चौकट. क्रम दाखवणारी सलग रेषा एका पुलातून दुसऱ्यात जात नाही. तिथे फक्त निरोपाची तुटक रेषा जाते. नवशिके सगळ्यात जास्त चुकतात ते इथेच.

आमच्या दुहेरी नोंदींचं मूळ ह्याच चित्रात सापडलं. जुन्या ॲपचा जो आराखडा मला मिळाला त्यात सरळ वाट होती: रक्कम टाका, पाठवा, पोच आली, संपलं. मी तो काकांपुढे ठेवला. ते म्हणाले, "ताई, पोच येतेच कुठे? मंडईत आत गेलं की रेंज जाते. गिऱ्हाईक उभं असतं, मागून पाट्या घेऊन हमाल ओरडत असतात. मी परत बटण दाबतो."

पहिला निरोप शाखेत पोचलेला असायचा, फक्त पोच परत आलेली नसायची. दुसऱ्यांदा बटण दाबलं की दुसरी नोंद.

नव्या चित्रात 'भरणा पाठवा' ह्या कामानंतर घटनांवर चालणारा फाटा टाकला. हा फाटा निर्णय घेत नाही. जी घटना आधी घडेल त्या वाटेनं पुढे जातो. एका वाटेवर पाकिटाचं चिन्ह, पोच आली. दुसऱ्या वाटेवर घड्याळाचं, दोन मिनिटं उलटली. घड्याळाच्या वाटेवरचं पुढचं काम 'भरणा पुन्हा पाठवा' हे नसून 'त्याच पावती क्रमांकाची स्थिती विचारा' हे आहे. पावती क्रमांक मोबाईलवरच, पाठवण्याआधी तयार होतो, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर कोअर बँकिंग नवी नोंद न करता आधीचीच पोच देतं. अख्ख्या कामात सगळ्यात महत्त्वाचं काही असेल तर हे एक घड्याळ.

म्हणून प्रत्येक निरोपापुढे बोट ठेवून विचारा: उत्तर आलंच नाही तर? उशिरा आलं तर? दोनदा आलं तर?

नियम मात्र फाट्यांच्या जाळ्यात गुंतवू नका. कमिशन किती, रोज कमाल किती रक्कम घ्यायची, हे डीएमएन ह्या निर्णयांचे नियम लिहायच्या पद्धतीतल्या निर्णय-तक्त्यात ठेवा. डावीकडे अटी, उजवीकडे निकाल. नियम बदलला की तक्त्याची ओळ बदलते, प्रक्रियेचं चित्र तसंच राहतं.

टोगॅफमधलं किती घ्यावं

टोगॅफ ही एंटरप्राइझ आर्किटेक्चरचं काम टप्प्याटप्प्यानं कसं करावं हे सांगणारी चौकट. ते १९९५ पासून आहे, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या तांत्रिक चौकटीवरून उभं राहिलं, आणि त्याची दहावी आवृत्ती २०२२ मध्ये आली. त्याचं विकासचक्र पूर्वतयारी आणि मग ए ते एच अशा टप्प्यांचं आहे, मध्यभागी गरजांचं व्यवस्थापन. पंधरा-वीस माणसांच्या पतपेढीला सगळं लावलं तर कागदच वाढतील. मी ए टप्प्यातून दोन पानांचं उद्दिष्ट घेतलं आणि बी, सी, डी टप्प्यांतून आजचं व उद्याचं चित्र.

पण त्यातला तफावतीचा तक्ता चुकवू नका. ओळींत आज असलेल्या गोष्टी, स्तंभांत उद्याच्या. शेवटी 'काढून टाकलं' असा एक जादा स्तंभ आणि तळाशी 'नवीन' अशी एक जादा ओळ. आजच्या प्रत्येक ओळीसमोर कुठेतरी खूण पडलीच पाहिजे. आमच्या तक्त्यात 'सहीचं कार्ड' ह्या ओळीत एकही खूण नव्हती. ते काढायचं असं कोणी ठरवलंच नव्हतं, नुसतं गळून गेलं होतं. फुलवाल्यांना विचारलं तेव्हा कळलं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा फोन दिवसभर मुलाकडे असतो आणि एसएमएस त्यांना दिसतच नाही. कार्ड राहिलं. त्यावर आता पावती क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहितात.

जॉन झॅकमन यांनी १९८७ मध्ये मांडलेली आणि पुढे सहा प्रश्नांपर्यंत वाढवलेली चौकट मी शेवटी उजळणीसाठी वापरते: काय, कसं, कुठे, कोण, कधी, का. पहिल्या खेपेला 'कधी' कच्चं निघालं, शाखेची रोकड बंद झाल्यावर आलेला भरणा कोणत्या तारखेला धरायचा हे ठरलेलं नव्हतं. सरकारी खात्यासाठी काम करत असाल तर केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाची २०१८ ची इंडईए चौकट आधी वाचा. तिथे संदर्भ-प्रारूपं तयार मिळतात.

चित्रं काढायला आर्ची हे मोफत साधन पुरतं. नावं मी देवनागरीतच लिहिते, कारण चित्र तपासणारी माणसं मराठीत काम करतात. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात तारीख, कोणाचा प्रश्न आणि कोणी तपासलं हे तीन शब्दांत असू द्या.

आमच्या बीपीएमएनच्या चित्राची एक प्रत शाखेत कॅशियरच्या मागच्या भिंतीवर लावली आहे. काकांनी त्यावर पेन्सिलीनं एक गोल करून ठेवलाय: गणपतीत धंद्याच्या गडबडीत दुकानदार दोन दिवस पैसे देत नाही आणि तिसऱ्या दिवशी एकदम देतो, तेव्हा ते तीन भरणे धरायचे की एक? व्यवस्थापकांशी बोलणं झालंय. शनिवारी ती ओळ निर्णय-तक्त्यात जाईल.